सुपरमॅनची पाठ : १९७८च्या चित्रपटाची फोर-के डिस्क

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गेली बावीस वर्षं लोकांच्या पाठी बघते आहे. माणूस दारातून आत आला की माझी नजर आधी चेहऱ्याकडे जात नाही, खांद्यांकडे जाते. कान खांद्याच्या रेषेत आहे का, छाती आत गेलीय का, वजन कुठल्या पायावर पडतंय. सिनेमा बघतानाही ही सवय सुटत नाही. १९७८चा ‘सुपरमॅन’ मला आवडतो तो ह्या सवयीमुळेच, आणि त्याची फोर-के डिस्क घरात आल्यापासून तिच्यातली एक छोटीशी जागा मी किती वेळा मागे-पुढे करून बघितली त्याला गणती नाही.

लोइस लेन ह्या वार्ताहर बाईचं घर. ती नुकतीच सुपरमॅनचा हात धरून रात्रीच्या आकाशात फिरून आलीय आणि अजून भानावर यायचीय. दार वाजतं. बाहेर क्लार्क केंट उभा, म्हणजे चष्मा लावून साधा वार्ताहर बनलेला सुपरमॅनच. दोघांचं बाहेर जायचं ठरलेलं असतं, आणि ते तिच्या ध्यानीमनी नाही. तयार होऊन येते म्हणून ती आत जाते. क्लार्क खोलीत एकटा उरतो. क्षणभर विचार करतो आणि चष्मा काढतो.

एवढंच घडतं, पण नीट बघा. आधी चष्मा खाली येतो. मग पाठीचा वरचा भाग, जो इतका वेळ पुढे कलंडलेला होता, तो उलगडतो. खांदे मागे जातात, पण उचलले जात नाहीत. सरळ उभे राहा म्हटलं की दहातले नऊ जण खांदे कानाकडे ओढतात. हा ओढत नाही. हनुवटी आत येते, मान लांब होते, आणि तोच कोट, जो मघापर्यंत अंगावर लोंबत होता, तो अंगाला बसतो. ‘लोइस’ अशी हाक येते ती छातीतून, मघाच्या नाकातल्या आवाजात नाही. तो तिला खरं काय ते सांगणार असतो. ती समोर येते आणि त्याचा धीर सुटतो. चष्मा परत नाकावर, खांदे गोल, मान पुढे, आवाज वर. भलतंच काहीतरी बोलून तो वेळ मारून नेतो.

इफेक्ट नाही, मेकअप नाही, कपडे तेच. कट घेऊन दुसरा माणूस आणून उभा केलेला नाही. क्रिस्टोफर रीव्ह नावाचा सव्वासहा फुटांच्या वरचा नट स्वतःच्या मणक्याने हे सगळं करतो.

एका चष्म्याने लोक फसतात कसे, असं विचारून सुपरमॅनला हसणारे पहिल्यापासून आहेत. त्यांना मी हा प्रसंग दाखवते. चष्म्याने कुणी फसत नाही. आपण ओळखीच्या माणसाला लांबून ओळखतो ते चालण्यावरून, उभं राहण्यावरून. चेहरा नंतर येतो. पाठमोरी आई गर्दीत सापडते ती काही नाकाडोळ्यांवरून नाही. तेव्हा ज्याने उभं राहणंच बदललं, त्याला त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणारी बाईसुद्धा ओळखणार नाही. हे पटायला मला वेळ लागला नाही, कारण उलटं होताना मी रोज बघते. सहा महिन्यांच्या उपचारानंतर माणूस सरळ चालायला लागतो आणि शेजारी म्हणतात, ओळखलंच नाही तुम्हाला.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी हा प्रसंग आवाज बंद करून दाखवते. सूचना एकच : चेहरा बघायचा नाही. कॉलर बघा, कोटाच्या खांद्यावरची शिवण बघा. फोर-केचा पहिला फायदा मला इथेच झाला. जुन्या डीव्हीडीवर त्या कोटाचा नुसता एक गडद ठोकळा दिसायचा. ह्या डिस्कवर कापडाचा पोत दिसतो, खांद्याच्या शिवणीखाली पडलेली सुरकुती दिसते, आणि पाठ सरळ होते त्या क्षणी ती सुरकुती जाते. इतक्या वर्षांत ही सुरकुती मला दिसलीच नव्हती.

आता चित्राबद्दल. छायाचित्रकार जेफ्री अनस्वर्थ. ह्यांनी सगळा चित्रपट धुक्यातून गाळल्यासारखा चित्रित केलाय. लेन्सवर प्रकाश पसरवणारे डिफ्यूजन फिल्टर लावल्यामुळे प्रत्येक दिव्याभोवती मऊ वलय असतं. चित्रपट प्रदर्शित व्हायच्या आधीच ते गेले, आणि तो त्यांनाच अर्पण केलेला आहे. त्यांची ही मऊ शैली आधीच्या आवृत्त्यांमध्ये नुसती पुसट वाटायची. डिस्क घाण आहे की टीव्ही जुना झालाय, अशी शंका यायची. २०१८ साली, चित्रपटाला ४० वर्षं झाली तेव्हा काढलेल्या ह्या फोर-के आवृत्तीत फिल्मचा दाणा, म्हणजे चित्रातले बारीक कण, तसाच राहिलाय, पुसून गुळगुळीत केलेला नाही. सुपरमॅनच्या जन्मग्रहावरच्या, क्रिप्टनवरच्या लोकांचे झगे आतून पेटल्यासारखे चमकतात. ते कापड प्रोजेक्शनच्या पडद्याला लावतात त्याच परावर्तक सामानातलं होतं, आणि आता ते खरंच डोळ्यांवर येतं.

इतकं स्वच्छ दिसू लागल्यावर झाकलेलंही उघडं पडतं, हे आधीच सांगून ठेवते. काही उडण्याच्या दृश्यांत सुपरमॅनचा निळा पोशाख हिरवट होतो. निळ्या पडद्यासमोर निळा पोशाख चालत नाही, तो पडद्याबरोबरच नाहीसा होतो, म्हणून त्या शॉट्ससाठी मोरपंखी छटेचा वेगळा पोशाख वापरलेला होता. तो फरक इथे ठळक दिसतो. मला तो खुपत नाही. दुरुस्त केला नाही हेच बरं केलं असं वाटतं.

डिस्कवर थिएटरमध्ये लागलेली १४३ मिनिटांची आवृत्तीच आहे. अमेरिकन टीव्हीवर पुढे दाखवलेली तीन तासांच्या वरची लांबलचक आवृत्ती इथे नाही. ती वेगळी निघालीय, आणि ज्याला एकच घ्यायची आहे त्याने हीच घ्यावी. लांब आवृत्तीत प्रसंग वाढतात, पण चालीची लय ढिली पडते. मराठी सबटायटल नाहीत. आवाज उत्तम. जॉन विल्यम्सच्या मुख्य धुनेसाठी तरी चांगले स्पीकर असलेल्या घरी जाऊन एकदा हे बघा. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राची पितळी वाद्यं वर चढत जातात आणि शेवटच्या तीन सुरांवर नायकाचं नावच ऐकू येतं. सुरुवातीची नामावली पाच मिनिटांच्या आसपास चालते, निळ्या रेघा अंगावर धावून येत राहतात, आणि मी ती एकदाही पुढे ढकलत नाही.

त्याच नामावलीत जेरी सीगल आणि जो शुस्टर ही नावं येतात. ओहायोतल्या क्लीव्हलंडची ही दोन पोरं, दोघंही चश्मिश, दोघंही बुजरी. १९३८मध्ये ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात त्यांचा सुपरमॅन आला, आणि त्याचे सगळे हक्क त्यांनी १३० डॉलरला लिहून दिलेले होते. पुढची कित्येक वर्षं ते भांडत राहिले. १९७५च्या अखेरीस, हा चित्रपट बनायच्या तयारीत असताना, त्यांना वार्षिक मानधन मिळालं आणि सुपरमॅनचे जनक म्हणून नाव परत मिळालं. म्हणून ते नाव पडद्यावर येतं तेव्हा मी रिमोट खाली ठेवते. आणि क्लार्क केंट ही काही पळवाट म्हणून जोडलेली गोष्ट नाही हेही तेव्हा कळतं. वर्गात मागच्या बाकावर बसणारा, मुलींशी धड बोलता न येणारा चश्मिश मुलगा आतून कोण असतो, ही त्या दोघांची मूळ कल्पना. ताकद नंतरची.

उडणंसुद्धा नंतरचं. पहिल्या अंकातला सुपरमॅन उडत नाही, फर्लांगभर उडी मारतो. १९४१पासूनच्या फ्लायशर स्टुडिओच्या कार्टूनपटांत तो उडताना दिसू लागला. १९४८च्या मालिकापटात कर्क ॲलिन उडायला झेपावला की त्याचं चक्क चित्र व्हायचं, हाताने काढलेलं. पन्नाशीच्या दशकात टीव्हीवर जॉर्ज रीव्ह्ज एका उसळत्या फळीवरून खिडकीबाहेर उडी घ्यायचा. म्हणजे चाळीस वर्षं सगळ्यांची अडचण एकच : माणूस हवेत दिसला पाहिजे आणि खोटा दिसता कामा नये.

ह्या चित्रपटात ते जमलं, ते झोरान पेरिसिच ह्यांच्या एका युक्तीमुळे. मागचं दृश्य पडद्यावर टाकणारा प्रोजेक्टर आणि ते टिपणारा कॅमेरा, दोन्हींना झूम लेन्स लावायची आणि दोन्ही एकाच वेळी, एकाच प्रमाणात झूम करायच्या. मागचं आकाश कॅमेऱ्याला आहे तेवढंच दिसत राहतं, पण मध्ये टांगलेला माणूस मोठा होतो, लहान होतो, म्हणजे जागचा न हलता आपल्याकडे झेपावतो किंवा लांब जातो. त्या वर्षीच्या ऑस्करमध्ये दृश्यपरिणामांसाठी खास पुरस्कार मिळाला.

पण यंत्राने आकाश हलवलं तरी आत टांगलेल्या माणसाला उडावं लागतंच. पोटाखाली साचा, त्याला मागून दांडा, आणि त्यावर आडवं राहून चेहऱ्यावर ताण दिसू द्यायचा नाही. कंबरेखालचे स्नायू, नितंबांचे स्नायू, मानेमागचे स्नायू, सगळे एकाच वेळी लावून धरावे लागतात. माझ्याकडे पाठदुखीला जो पालथं झोपून हातपाय उचलायचा व्यायाम देतात तो करून बघा, अर्ध्या मिनिटात पाय थरथरायला लागतात. रीव्ह तशा अवस्थेत हसतो, बोलतो, लोइसकडे वळून बघतो. तो स्वतः वैमानिक होता, ग्लायडर उडवायचा. वळताना आधी नजर वळते, मग मान, मग खांदा कलतो आणि सगळ्यात शेवटी कंबर. नंतरच्या काळातले कितीतरी सुपरहिरो बंदुकीतून सुटल्यासारखे सरळ जातात. हा वाऱ्यावर पहुडतो. नकली स्नायूंचा सूट घालायलाही त्याने नकार दिला होता. ‘स्टार वॉर्स’मधल्या डार्थ व्हेडरच्या काळ्या चिलखतात वावरलेल्या डेव्हिड प्राउजकडे त्याने शरीर कमावलं. त्यामुळे दंड दिसतो तो दंड असतो.

स्मॉलव्हिलच्या, म्हणजे सुपरमॅनच्या लहानपणच्या भागाबद्दल लिहिताना मला थोडं थांबावं लागतं. कॅन्ससमधलं गाव म्हणून जे गव्हाचं रान दिसतं ते प्रत्यक्षात कॅनडातल्या अल्बर्टातलं. ग्लेन फोर्ड पाळक वडील, जोनाथन केंट. पडद्यावर त्यांना अगदी थोडा वेळ मिळतो. मुलगा चिडलेला असतो, इतकं सगळं येत असून दाखवायचं नाही, चेंडूला लाथ मारायची नाही. वडील त्याला समजावतात, की तू इथे आलास त्याला काहीतरी कारण आहे, आणि ते काही गोल मारणं नव्हे. मग दोघं घराकडे पळत सुटतात, पोरगा पुढे. वडील दोन पावलं धावतात, मंदावतात, स्वतःचा हात धरतात. तोंडातून अगदी हळू, जवळजवळ स्वतःशीच, ‘अरे, नको’ अशा अर्थाचे दोन शब्द येतात. आणि खाली.

हृदयविकाराचे झटके पडद्यावर मी पुष्कळ बघितलेत. छाती गच्च धरून ओरडणारे, टेबलावरचं सामान पाडणारे. हा खरा वाटतो कारण त्या माणसाला कळतं. आपल्या शरीरात काय चाललंय ते त्याला आपल्या आधी कळतं, आणि त्याला वाईट वाटतं ते पुढे धावणाऱ्या पोराचं. दफनाच्या वेळी मुलगा आईला म्हणतो की माझ्याकडे एवढ्या शक्ती आणि मी त्यांना वाचवू शकलो नाही. माझ्या मते सगळा सुपरमॅन ह्या एका वाक्यात आहे. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलेले मुलगे हेच वाक्य बोलतात. शक्तीच्या जागी पैसे म्हणतात, ओळखी म्हणतात.

दिग्दर्शक रिचर्ड डॉनर ह्यांनी कॉमिक्सची थट्टा करायची नाही असं ठरवूनच काम हाती घेतलं होतं, आणि हा पहिला तास त्याची साक्ष आहे. नंतर मात्र खलनायक लेक्स लूथर येतो, आणि चित्रपट दोन घरांत राहायला लागतो. जीन हॅकमन मोठा नट, पण मेट्रोपोलिस शहरातल्या पार्क ॲव्हेन्यूखालच्या त्या तळघरात त्याच्याभोवती जो बावळटपणा चालतो, तो मला दर वेळी लांबलेला वाटतो. आकाशातल्या त्या सफरीत लोइस मनातल्या मनात कविता म्हणते, तीही नको होती. लोइस झालेल्या मार्गो किडरच्या चेहऱ्यावर सगळं दिसत असताना शब्द कशाला?

शेवटाबद्दल माझं मत वर्षागणिक बदलत गेलंय. दोन क्षेपणास्त्रं सुटलेली असतात, एक न्यू जर्सीतल्या हॅकनसॅकवर, एक कॅलिफोर्नियातल्या भूगर्भातल्या भेगेवर. लूथरची साथीदार मिस टेशमाकर सुपरमॅनची लूथरच्या तावडीतून सुटका करते, पण आधी हॅकनसॅकचं क्षेपणास्त्र अडवशील असं वचन घेऊन, कारण तिची आई तिथे राहते. तो वचन पाळतो. त्यापायी दुसरीकडे उशीर होतो आणि लोइस मातीखाली गाडली जाते. एका अनोळखी म्हातारीसाठी दिलेला शब्द पाळला म्हणून आपलं माणूस गेलं. असा पेच किती सुपरहिरोंच्या वाट्याला येतो? गाडीतून तिला बाहेर काढून तो जमिनीवर ठेवतो, आणि मग जे ओरडतो ते ऐकून अंगावर काटा येतो. त्यानंतर तो पृथ्वी उलटी फिरवून वेळ मागे नेतो. हा शेवट मुळात दुसऱ्या भागासाठी योजलेला होता, तो इथे आणून बसवला. पूर्वी मला हा शेवट चालायचा. आता चालत नाही. माझ्या कामात वेळ मागे जात नाही, आणि वडिलांच्या दफनाचा तो प्रसंग इतका खरा दाखवल्यावर ही सवलत मला मान्य करता येत नाही. तरी ती आरोळी खरी आहे. तेवढ्यासाठी मी बाकीचं सोसते.

पुढचे सुपरमॅन मी सगळे बघितलेत. २००६मधला ब्रँडन राउथ रीव्हची सावली धरून चालतो. २०१३चा हेन्री कॅव्हिल दिसायला देखणा, पण तिथे क्लार्क केंट वर्तमानपत्राच्या कचेरीत पोहोचेपर्यंत चित्रपट संपत येतो. २०२५मध्ये डेव्हिड कोरेन्स्वेट आला. सुरुवातीलाच तो लढाई हरून बर्फात आपटतो, धड श्वास घेता येत नाही, आणि कुत्र्याला शीळ घालतो. तो मला आवडला, कारण त्याचं शरीर दुखतं. विल्यम्सच्या जुन्या धुनेचे सूरही त्यात परत येतात, आणि वार्ताहर म्हणून क्षणभर दिसणारा तरुण आहे विल रीव्ह, क्रिस्टोफरचाच मुलगा.

२७ मे १९९५ रोजी व्हर्जिनियातल्या घोडेस्वारीच्या स्पर्धेत क्रिस्टोफर रीव्ह घोड्यावरून पडला. इजा मानेच्या पहिल्या दोन मणक्यांच्या पातळीवर. त्याच्या वर फक्त कवटी. मानेखालचं सगळं गेलं, श्वाससुद्धा व्हेंटिलेटरवर. मी तेव्हा शिकत होते, आणि वर्गात आम्हाला हीच पातळी शिकवली जात होती. पुढची नऊ वर्षं तो व्यायाम करत राहिला, संशोधनासाठी पैसे उभे करत राहिला, आणि सन २०००मध्ये त्याच्या तर्जनीत हालचाल परत आली. बाहेरच्या माणसाला एक बोट म्हणजे काही वाटणार नाही. आमच्या कामात त्या एका बोटाला काय किंमत आहे ते मला माहीत आहे. १० ऑक्टोबर २००४ला तो गेला.

हे माहीत असताना लोइसच्या घरातला तो प्रसंग बघणं सोपं नसतं. नेमकी तीच जागा, कवटीच्या खाली, जिथून तो सगळी उंची उभी करतो. मागच्या वर्षी मणक्याला मार बसलेला सतरा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे यायचा, मानेला कडक पट्टा. विद्यार्थ्यांसाठी मी हा प्रसंग लावला होता आणि तो कोपऱ्यात खुर्चीत होता. संपल्यावर तो म्हणाला, मॅडम, परत लावा, पण सरळ होतो ते नको, शेवटचं लावा, परत वाकतो ते. मी विचारलं, का? तो म्हणाला, वाकताना तो पडत नाहीये, सोडतोय.

मी परत लावलं आणि बघितलं. बरोबर होतं त्याचं. खांदे कोसळत नाहीत. एकेक मणका धरून तो स्वतःला खाली उतरवतो, आणि उतरताना डोळे मात्र लोइसवरच असतात.